काकूंच्या वाट्याचं मत

काकांच्या घरासमोरच्या हिरवळीवर त्या उन्हाळ्यात इतक्या पाट्या उभ्या होत्या की एकदा पोस्टमनने गाडी थांबवून मला विचारलं, "घर विकायला काढलंय का?"

घर विकायचं नव्हतं. त्या निवडणुकीच्या पाट्या होत्या. ऑगस्टमध्ये प्राथमिक निवडणूक होती, म्हणजे पक्ष आपापला उमेदवार ठरवतात ती, आणि जो उमेदवार विचारेल त्याला काका आपल्या हिरवळीत पाटी लावू देत. पक्ष कुठलाही असो. एकाच जागेसाठी भांडणारे दोघं तिथं शेजारी शेजारी उभे असत. गवत कापायच्या दिवशी काका सगळ्या पाट्या उपटून गॅरेजला टेकवून ठेवत आणि कापून झालं की परत होत्या त्याच क्रमाने रोवत. वादळ झालं की सकाळी चहाच्या आधी बाहेर जाऊन वाकलेल्या पाट्या सरळ करत.

"काका, लोकांना कळत नाही तुम्ही कोणाच्या बाजूने आहात," मी म्हणाले होते.

"उभं राहिलंय बिचारं," काका म्हणाले. "पडू कसं द्यायचं?"

काका म्हणजे माझे घरमालक. अकोल्याहून अमेरिकेत मास्टर्स करायला आले तेव्हा ट्रॉय शहरात त्यांच्या बेसमेंटमधली खोली मला मिळाली. गाड्यांच्या ब्रेकवर आयुष्यभर काम करून ते निवृत्त झाले होते. काकू दोन-तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, त्यांना मी फक्त फोटोत पाहिलं. मूलबाळ नव्हतं. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाक येतो का, सिगारेट ओढतेस का, मित्र येणार का, यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?"

मला माहीत नव्हतं.

"त्या वॉर्डात किती वर्षं राहिलीस?"

"जन्मापासून."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्वतःच्या आजोबांचं नाव विसरले होते. खोली दिली, पण त्याच आठवड्यात मला घरी फोन करून ते नाव विचारायला लावलं. बाबा फोनवर घाबरले. "तुला नगरसेवक कशाला हवाय? काही लफडं झालंय का तिकडे?" त्यांनाही नाव नक्की आठवत नव्हतं. दोन नावं सांगितली, त्यातले एक गृहस्थ वारलेले निघाले.

इतर लोक भजनाला किंवा नाटकाला जातात तसे काका सिटी कौन्सिलच्या सभेला जात. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, पिशवीत स्टीलचा डबा. सभा लांबली की डब्यातली शंकरपाळी शेजाऱ्याला देत. सभेत नागरिकांना तीन मिनिटं बोलायला मिळतात आणि लोक अर्थातच तक्रारी करतात. मी एकदा काकांबरोबर गेले होते तेव्हा त्यांचं नाव पुकारलं गेलं. काका माइकपाशी गेले आणि म्हणाले की आमच्या कोपऱ्यावरचा सिग्नल फार छान चालला आहे.

महापौरबाई वाट बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि आपली अडचण काय आहे?"

"अडचण नाही. छान चाललाय, एवढंच सांगायला आलो."

कौन्सिलच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात खरंच एक गाडी येऊन तो सिग्नल तपासून गेली आणि त्यानंतर महिनाभर तो बिघडलेला होता. काकांना याचं फार वाईट वाटलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "नीट कळलं नाही. परत सांगा." हे ते सगळ्यांना म्हणत. बँकेतल्या माणसाला, डॉक्टरला, मला. पण सगळ्यात जास्त दारावर प्रचाराला येणाऱ्या उमेदवारांना. उमेदवार आला की त्याला बूट काढायला लावून सोफ्यावर बसवायचं, चहा द्यायचा आणि बोलायला सांगायचं. त्याचं झालं की काका अगदी मनापासून म्हणत, "नीट कळलं नाही. परत सांगा." दुसऱ्यांदा सांगताना उमेदवार थोडा सावकाश बोले. तिसऱ्यांदा तो मध्येच थांबे. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जागेसाठी उभा असलेला एक टाय लावलेला माणूस तर तिसऱ्या वेळी म्हणाला, "खरं सांगायचं तर, हे मलाही नीट माहीत नाही." काका खूष झाले. त्याला आणखी अर्धा कप चहा मिळाला. त्याची पाटी दुसऱ्या दिवशी हिरवळीत होतीच, पण त्याच्या विरोधकाचीही होती.

मला या निवडणुकीतलं काहीच कळत नव्हतं. मी स्टुडंट व्हिसावर, मला मत नाही. पण काकांना मी अज्ञानी राहावं हे सहन होईना. त्यांनी नमुन्याची मतपत्रिका डायनिंग टेबलवर पसरली.

"आधी घरातल्या घरात भांडायचं, मग नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर," ते म्हणाले. "हा एका पक्षाचा रकाना, हा दुसऱ्या पक्षाचा. दोन्ही एकाच कागदावर. कुठल्याही रकान्यात मत दे, तुला कोणी विचारणार नाही. पण एकाच. इकडे एक, तिकडे एक अशी खूण केलीस की दोन्हीकडची मतं बाद."

"मग तुमचा रकाना कुठला?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते वर्षावर आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

त्याच सुमाराला नेहा उभी राहिली. नेहा म्हणजे शिरीषकाकांची मुलगी. शिरीषकाका हे काकांचे सगळ्यात जुने मित्र. दोघं एकाच कंपनीत लागले, एकाच वर्षी सिटिझन झाले, आणि दर शनिवारी दुपारी पत्ते खेळायला शिरीषकाका आमच्याकडे येत. नेहा इथेच जन्मली, इथेच वकील झाली. लहानपणी शाळा सुटली की ती काकूंच्या दुकानात येऊन बसायची. काकूंचं कपडे शिवण्या-दुरुस्तीचं दुकान होतं. नेहा कटिंगच्या टेबलाखाली बसून होमवर्क करायची आणि काका कामावरून आले की तिला गणित शिकवायचे. अशी ही घरातली मुलगी राज्याच्या विधानसभेसाठी प्राथमिक निवडणुकीत उतरली, तेव्हा आसपासची सगळी मराठी मंडळी कामाला लागली. कोणी समोसे करत होतं, कोणी फोन करत होतं. काकांनी दारोदार फिरायचं काम मागून घेतलं; इथे मतदानाच्या दिवशीही दारं ठोठावता येतात.

"तू गाडी चालव," ते मला म्हणाले. "मी बोलतो."

ऊन मी म्हणत होतं. मी गाडी सावलीत लावून बसायचे आणि काका एकेका दारावर जायचे. बाकीचे कार्यकर्ते एका दुपारी आख्खी गल्ली संपवायचे. काका एका दारावरून हलायचे नाहीत. कोणाच्या अंगणातल्या टोमॅटोला कीड लागलेली, कोणाचा मुलगा सैन्यात गेलेला, सगळं ऐकून घ्यायचे. आणि नेहाबद्दल कोणी काही विचारलं की खरं सांगायचे.

एकदा मी पाणी द्यायला दारापर्यंत गेले तेव्हा ऐकलं. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं होतं, "मुलगी कशी आहे?" काका म्हणाले, "हुशार आहे. पण हट्टी आहे. चूक कबूल करायला तिला दोन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतः येऊन सांगते."

हे नेहाच्या कानावर गेलं. ती संध्याकाळी घरी आली, ब्लेझर खुर्चीवर टाकला आणि म्हणाली, "काका, यू कान्ट से दॅट! तुम्ही माझे वीक पॉइंट्स का सांगता लोकांना?"

"त्यांनी विचारलं."

"विचारलं तरी! तुम्ही माझ्या साइडला आहात ना?"

"म्हणून तर उन्हात फिरतोय."

"मग से समथिंग नाइस, यार."

"नाइसच सांगितलं," काका म्हणाले. "तिसऱ्या दिवशी येतेस हे सांगितलं की."

नेहाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. खरं तर काका तिला मदत करतायत की तिचं नुकसान करतायत, हे मलाही सांगता आलं नसतं. काही दारांवर लोक काकांना मिठी मारायचे. काही ठिकाणी त्यांच्या मागे दार लागताना आतून हसू ऐकू यायचं.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी पत्ते वाटता वाटता शिरीषकाका सहज म्हणाले, "मंगळवारी लवकर मत देऊन ये रे. एकेक मत महत्त्वाचं आहे म्हणतात."

काका पत्ते लावत होते. ते म्हणाले, "शिऱ्या, एक सांगायचं होतं. या वेळचं मत माझं नाही. हिचं आहे." आणि त्यांनी भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे बोट दाखवलं.

मी ओट्यापाशी भांडी विसळत होते. मी नळ बंद केला.

मग काकांनी सांगितलं ते असं. ते आणि काकू सिटिझन झाल्यापासून नेमाने मत द्यायला बरोबर जात. पण दुकान चालवायला लागल्यापासून काकूंचं मत बदललं. काकांचा एक रकाना, काकूंचा दुसरा. दोघांची मतं कायम एकमेकांना खोडायची, आणि त्यामुळे घरात शांतता असायची. कोण हरलं, कोण जिंकलं, कोणाला बोल लावायला जागाच नाही. मग काकू गेल्या.

"ती गेली आणि माझं एकट्याचं मत मोकाट सुटलं," काका म्हणाले. "त्याला अडवायला कोणी नाही. हे काही बरोबर नव्हे. म्हणून मी ठरवलं, एकदा माझ्या रकान्यात, एकदा तिच्या. गेल्या खेपेला माझं झालं. आता तिचं."

आणि नेहा होती काकांच्या रकान्यात.

शिरीषकाकांनी हातातले पत्ते खाली ठेवले. मग म्हणाले, "तू चेष्टा करतोयस."

"नाही."

"अरे, वहिनी गेल्या! गेलेल्या माणसाला मत नसतं!"

"म्हणून तर माझ्यातलं देतो."

"आणि माझ्या पोरीचं काय? तिला वहिनींनीच वाढवलं ना?"

यावर काकांचा चेहरा पडला. "तेच नीट कळत नाहीये मला," ते म्हणाले.

तो डाव तसाच टेबलावर राहिला.

मंगळवारी काकांनी मला गाडी चालवायला सांगितलं. मतदान एका शाळेच्या जिममध्ये होतं. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. काका मतपत्रिका घेऊन आडोशाच्या मागे गेले. त्यांच्या नंतर आलेले लोक मत देऊन, 'मी मत दिलं'चा स्टिकर लावून निघून गेले. आडोशाखालून मला काकांचे फक्त बूट दिसत होते. ते हलत नव्हते.

शेवटी ते बाहेर आले आणि त्यांनी कागद मशीनमध्ये सरकवला. मशीनने तो परत बाहेर दिला.

तिथली बाई पुढे आली. "सर, तुम्ही दोन्ही पक्षांच्या रकान्यांत खुणा केल्या असाव्यात. असंच टाकलंत तर ती मतं मोजली जाणार नाहीत. तुम्हाला नवीन कागद देऊ?"

"ते मला माहीत आहे," काका म्हणाले. मला त्यांचा आवाज ओळखू आला नाही.

"मग देऊ का नवीन?"

काका त्या मशीनकडे बघत उभे राहिले. मागे एक माणूस लहान मुलीला कडेवर घेऊन थांबला होता. काकांनी मान हलवली. नवीन कागद घेऊन परत आडोशाच्या मागे गेले, आणि या वेळी लगेच बाहेर आले. मशीनने कागद घेतला. बाईने त्यांच्या शर्टावर स्टिकर लावला.

गाडीत मी विचारलं नाही. काकांनीही सांगितलं नाही. फक्त अर्ध्या वाटेत म्हणाले, "चाळीस वर्षं एका घरात राहिलो. रोज बोलायचो. आणि नेमकं हेच विचारायचं राहून गेलं."

नेहा हरली. फार थोड्या मतांनी. इतक्या थोड्या की मराठी मंडळींमध्ये कोण सुट्टीवर गेलं होतं, कोण विसरलं, कोणाची टपालाने पाठवायची मतपत्रिका घरीच राहिली, याची चर्चा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच शिरीषकाका आले. आत आले नाहीत, पायरीवरच उभे राहिले. डोळे सुजलेले होते.

"एवढंच सांग. दिलंस का पोरीला मत?"

काका म्हणाले, "ते सांगत नसतात, शिऱ्या."

"मला सुद्धा नाही?"

"मी बायकोला पण कधी सांगितलं नाही."

"तिला माहीतच होतं की!" शिरीषकाका ओरडले. "सगळ्या गावाला माहीत होतं!"

काकांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं. शिरीषकाका वळले आणि त्या सगळ्या पाट्यांमधून वाट काढत गाडीकडे गेले. एका पाटीला त्यांचा धक्का लागला. ती नेहाचीच होती. काकांनी जाऊन ती सरळ केली.

पुढचे शनिवार रिकामे गेले. काका दुपारी टेबल पुसून पत्ते काढून ठेवत आणि संध्याकाळी परत आत ठेवत. मला पत्ते येत नव्हते. त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे असायचं. त्यांनी कुणाला मत दिलं, याचा मी खूप विचार केला. कधी वाटायचं, हा माणूस शब्दाचा पक्का, काकूंच्याच रकान्यात दिलं असणार. मग वाटायचं, पण मग आधी दोन्हीकडे खुणा कशाला केल्या? मला धड राग येईना, धड कीव येईना.

सप्टेंबरमध्ये नेहा आपल्या पाट्या गोळा करत फिरत होती. आमच्याकडे आली. काकांनी तिची पाटी धुऊन, पुसून गॅरेजमध्ये ठेवली होती. तिने ती गाडीत ठेवली आणि जायच्याऐवजी आत येऊन सोफ्यावर बसली. बूट न काढता. काकांनी बुटांकडे एकदा पाहिलं.

"बाबांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "काकूंच्या टर्नचं."

काका समोरच्या खुर्चीत बसले. "तुला राग आला असेल."

"पहिल्यांदा आला. दोन दिवस." ती जराशी हसली. मग म्हणाली, "काका, तुम्हाला एक गोष्ट माहीतच नाहीये. मी हायस्कूलमध्ये स्टुडंट कौन्सिलचं इलेक्शन हरले होते, आठवतंय? मी दुकानात टेबलाखाली बसून रडत होते. काकू म्हणाल्या, रडतेस काय, मोठी झालीस की खरीखुरी उभी राहा. मी विचारलं, विल यू व्होट फॉर मी? तर म्हणाल्या, कुठल्या पक्षाकडून? मी सांगितलं. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. तशाच बोलल्या. म्हणाल्या, मग नाही हं देणार. मत नाही. पण इलेक्शनचे सगळे कपडे मी शिवून देईन."

काका पुढे वाकले. "नीट कळलं नाही. परत सांग."

नेहाने परत सांगितलं.

"नक्की असंच म्हणाली? मत नाही, कपडे देईन?"

"एक्झॅक्टली असंच."

काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अरेरे," ते म्हणाले. "म्हणजे चुकलंच की माझं."

मी दारात उभी होते. नेहाला कळायला एक क्षण लागला. मग ती उठून उभीच राहिली. "काका! यू व्होटेड फॉर मी?"

काकांनी डोकं वर केलं. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं. "मला वाटलं," ते म्हणाले, "तुझ्यासाठी एकदा तिनं रकाना सोडला असता. तिथं उभा राहून मी किती विचार केला. वाटलं, सोडलाच असता. तिच्या वाट्याचं मत होतं ते, आणि मी ते भलतीकडेच दिलं."

नेहा त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, मध्येच हसली, परत रडली. काका तिच्या केसांवर थोपटत होते, पण त्यांचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे होतं.

"आय हॅव टू टेल बाबा," ती म्हणाली.

"अजिबात नाही. मत गुप्त असतं."

"पण ते तुमच्याशी बोलत नाहीयेत!"

"बोलेल. त्याला तुझ्यापेक्षा जास्त दिवस लागतात." मग काकांचा आवाज एकदम गंभीर झाला. "आणि हे बघ, पुढच्या वेळी उभी राहणार असशील तर आत्ताच सांगून ठेवतो. माझं मत धरू नकोस. हे तिचं माझ्याकडून वाया गेलं, म्हणजे पुढचंही तिचंच."

त्यानंतरच्या एका शनिवारी शिरीषकाका आले, नेहमीसारखे, जणू मधले आठवडे झालेच नव्हते. काकांनी पत्ते वाटले. नेहाने त्यांना सांगितलं म्हणून ते आले की आपणहून आले, हे मला आजवर कळलेलं नाही. मी एकदा नेहाला विचारलं, तर ती म्हणाली, "मत गुप्त असतं."

माझं शिक्षण संपलं, दुसऱ्या राज्यात, हर्नडनला नोकरी लागली, मी तिकडे गेले. दोन वर्षांनी ट्रॉयमध्ये पुन्हा प्राथमिक निवडणूक आली आणि नेहा पुन्हा उभी राहिली. या वेळी ती जिंकली, पण ते संध्याकाळी कळायचं होतं. मी मतदानाच्या दिवशी दुपारी ऑफिसच्या पार्किंगमधून काकांना फोन लावला. मागे गाड्यांचा आवाज येत होता, आणि काकांना धाप लागली होती.

"काका, मत दिलंत?"

"सकाळीच. पहिला होतो लायनीत."

"मग? कुठल्या रकान्यात?"

ते सांगणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण काका म्हणाले, "तिच्या. या वेळी एकदम बरोबर दिलं. नेहाला नाही."

"मग आत्ता कुठे आहात? कसला आवाज येतोय?"

"नेहाच्या प्रचाराला आलोय. सकाळपासून फिरतोय. ही गल्ली राहिलीय अजून." आणि मग घाईघाईने, "ठेव, ठेव आता, दार उघडतायत."